मेम्फिसचा दुसरा सामना

वॉरन पेलने कागद स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवला आणि एझ्रा टॉलिव्हर यांच्याकडे सरकवला. १९४३च्या बेसबॉल मोसमातल्या पहिल्या पाच फलंदाजांची यादी. सर्वांत वर टॉलिव्हर: २१६ वेळा फलंदाजी, ८३ हिट, सरासरी .३८४. त्याखालचा .३७९.

"आजवर तुम्ही दुसरे होतात," पेल म्हणाला. काळ्या खेळाडूंच्या जुन्या लीगचे हरवलेले आकडे शोधत तो अलाबामात गावोगाव फिरत असे. "गेल्या महिन्यात मेम्फिसच्या दुसऱ्या सामन्याचं स्कोअरबुक मिळालं. त्यात तुमचे चारपैकी चार हिट आहेत. बरोबर आहे म्हणून इथे सही करा. मैदानावर जी पाटी लागणार आहे, तिच्यावर पहिलं नाव तुमचं."

"करतात की," व्हर्नेल म्हणाली. एझ्रांचं सगळं ही पुतणीच बघायची. "चर्चमध्ये मी सगळ्यांना सांगून बसलेय. टोपीसुद्धा घेतलीय नवी."

एझ्रांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"हे चार माझे नाहीत."

"काका, वय झालं तुमचं. काल जेवलात काय ते तरी आठवतंय का?"

"भेंडी. खारट होती." ते पेलकडे वळले. "सकाळच्या सामन्यात माझं बोट मोडलं. मालकाची रीत होती, जखमी झाला की गडी पुढच्या गावात बसमधून उतरवायचा. म्हणून दुपारी मॅनेजरने माझा शर्ट लूशियसला घालायला दिला. मी बसमध्ये लपून बसलो. मेम्फिसचा स्कोअरर पाठीवरचा नंबर बघून लिहायचा, त्याला काय कळणार? दुसऱ्या दिवसापासून मी बोट बांधून खेळलो."

व्हर्नेलच्या हातातलं फडकं थांबलं. लूशियस म्हणजे तिचे वडील. ते युद्धावर गेले आणि परतले नाहीत, तेव्हा ती आईच्या पोटात होती.

"ते तर बस चालवायचे," ती म्हणाली. "मला एवढंच सांगितलंय सगळ्यांनी."

"चालवायचाच. त्या दिवशी खेळलाही."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"आधी मॅनेजरची नोकरी गेली असती म्हणून. नंतर..." एझ्रांनी अंगठ्याने टेबलाची कड घासली. "नंतर लोक कौतुक करायचे. मलाच ते हिट माझे वाटायला लागले."

पेलने पेन्सिलने हिशेब केला. "२१२पैकी ७९. म्हणजे .३७३. तुम्ही पुन्हा दुसरे, मिस्टर टॉलिव्हर."

"काका, ऐका माझं. वहीत तुमचं नाव आहे ना? मग राहू दे. बाबांना आता काय फरक पडतोय?"

"तुला पडतो."

तिने फडक्याची घडी घातली. मग पेलला विचारलं, "त्यांचं नाव येईल का यादीत?"

"यादीत नाही. चार वेळा बॅट धरून तिथे जागा मिळत नाही. पण नोंद होईल. लूशियस टॉलिव्हर, एक सामना, चारपैकी चार."

"लिहा," एझ्रा म्हणाले.

पेल उभा राहून पिशवीतून नवा फॉर्म काढू लागला. व्हर्नेल खुर्ची ओढून काकांसमोर बसली.

"कसे खेळायचे ते?"

"माझ्यासारखा नाही. तो डावरा होता."

एझ्रा टेबलाला धरून उठले. काठी दोन्ही हातांत घेतली, सवयीने उजव्या खांद्यावर नेली, मग डाव्या खांद्यावर घेतली. पाय बदलले. गुडघे जेवढे वाकले तेवढे वाकवले. कोपर अंगाजवळ, हनुवटी खाली, पुढच्या पायाची टाच किंचित उचललेली. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा तो देह थरथरत होता, पण काठी हलत नव्हती.

"पेल, जरा बाजूला व्हा," व्हर्नेल म्हणाली. "मला दिसत नाहीये."