बाळंतिणीचं कौतुक

शिरसीच्या नागवेणीची सून शर्वाणी बाळंत होऊन पंधरवडा झाला, तरी तिच्या डोळ्यांचं पाणी खळेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाळंतपणानंतर हॉर्मोन्स एकदम उतरतात, त्यात जागरणाचा ताण. रागावू नका, जपा तिला." झालं! ज्यानं जन्मात कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो नागवेणीचा मुलगा बायकोला स्वतःच्या हातानं कषायाचा गरम काढा पाजू लागला. नागवेणीच्या अंगाचा तिळपापड झाला. पाळी थांबल्यापासून तिचीही छाती धडधडायची, उगीचच रडू फुटायचं, तिला कुणी "काय होतंय?" म्हणून विचारलं नव्हतं.

मुलगा सुपारीच्या बागेत गेल्यावर ती खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "आम्हालाही पोरं झाली. असली कौतुकं नव्हती हो आमच्या वेळी!"

शर्वाणीनं डोळे पुसले. "मग अत्ते, तुम्ही कुठे जाऊन रडायचात?"

मी रडलेच नाही, असं नागवेणी म्हणणार होती. पण तोंडून निघालं, "गोठ्यात."

"आणि आता?"

"आता गोठा कुठे राहिलाय गं?"

शर्वाणीनं बाळाला भिंतीकडे सरकवलं आणि अंथरुणावर जागा केली.