मधला मजला

मालकांनी दिलेला निरोप शिंपीणबाईने जिन्यातच निम्मा गाळला. वरून निघाला तेव्हा तो असा होता: त्या बाईला म्हणावं, नळ बंद करायला शीक, माझी टाकी रिकामी होते, आणि मरेपर्यंत तुझं तोंड पाहायची मला इच्छा नाही. तळमजल्यावर पोचेपर्यंत उरलं ते एवढंच: मालक विचारतायत, पाणी पुरतंय ना.

मालकीणबाईंनी चष्मा वर केला. "असं विचारलं त्यांनी?"

"अगदी असंच," शिंपीणबाई म्हणाली. खोटं बोलताना तिची पापणी हलत नसे.

मालक वरच्या मजल्यावर, मालकीणबाई तळमजल्यावर. लग्नाचे नवरा-बायको, पण आठ वर्षांत एकमेकांशी अवाक्षर नाही. मधल्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची ठरली तेव्हा मालकांनी आपल्या मर्जीने शिंपीणबाईला आणलं आणि मालकीणबाईंनी त्याच दिवशी नर्सला. दोघींच्या ट्रंका एकाच उंबऱ्यावर आपटल्या. माघार घेणं त्या घराला माहीत नव्हतं. खोली एक, भाडेकरणी दोन, असं तीन वर्षं चाललं होतं.

जोडी तरी कशी जमावी. नर्स रात्रपाळीची, ती दिवसा झोपणार. मशीन दिवसाच चालणार. नर्स उशी कानावर घ्यायची आणि शिंपीणबाई मुद्दाम जाड कापड शिवायला काढायची. नर्सचे कपडे खुर्चीवर, कप खिडकीत, चपला चार दिशांना. शिंपीणबाईला सुईसुद्धा जागच्या जागी लागायची, आणि तिच्या कात्रीने कोणी कागद कापला तर तो दिवस सगळ्यांचाच वाया जायचा.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. खालीवर वाजलं की ठिणगी मधल्या मजल्यावर पडायची. मालक म्हणायचे, तिची नर्स एक तारखेला बाहेर. बाई म्हणायच्या, आधी त्यांची शिंपीण बाहेर. दर महिन्याला हेच. शिंपीणबाईचा जीव टांगणीला. मशीनच्या खडखडाटाला कंटाळून सुनेने तिला घराबाहेर काढलं होतं, आणि पोटचा मुलगा खाली मान घालून मशीनचं दुसरं टोक उचलायला आला होता. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते धूड घेऊन पुन्हा कोणाच्या दारात उभं राहायचं? दुसरं दार उरलंच नव्हतं.

म्हणून तिने मनाशी ठरवलं की ह्या दोघांचं जुळवायचं. भांडणच मिटलं तर बाहेर कोण कोणाला काढतंय?

नर्सचं सगळं उलट. कामावर निघताना ती मालकीणबाईंचं ब्लडप्रेशर बघायची आणि तिथून जे निघेल ते मीठमसाला लावून वर पोचवायची. बाई नुसतं म्हणाल्या, हल्ली खोकतात फार. हिने वर जाऊन सांगितलं, खोकल्याचं सोंग पुरे म्हणाल्यात. शिंपीणबाईने हे स्वतःच्या कानांनी ऐकलं आणि तिचं माथं भडकलं.

"म्हाताऱ्यांत कळ लावून तुझं पोट भरतं का गं? अशी अवदसा मी जन्मात पाहिली नाही."

"मावशी, तुम्ही त्यांच्यात पडू नका. एक गोष्ट सांगते, ती जरा..."

शिंपीणबाईने मशीनवर पाय ठेवला. नर्सचे ओठ थोडा वेळ हलत राहिले, मग थांबले.

त्या दिवसापासून तिने नर्सशी बोलणं टाकलं. आता तिन्ही मजल्यांवर अबोला होता. अगदीच अडलं तर शिंपीणबाई मशीनकडे बघून म्हणायची, कोणी खिडकीतला कप उचलेल तर उपकार होतील.

मग नर्स पंधरा दिवस बहिणीच्या बाळंतपणाला गेली आणि शिंपीणबाईला रान मोकळं मिळालं. तिने मालकांच्या तीन शर्टांना बटणं लावली आणि सांगितलं, बाईंनी लावलीत, डोळ्यांना नीट दिसत नसताना. मालक बराच वेळ बटणांवरून अंगठा फिरवत बसले. बाईंना तिने मऊ उशी शिवून दिली आणि म्हटलं, मालकांनी सांगितलंय, मान दुखते ना तुमची. बाईंनी उशी मांडीवर घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं.

बाराव्या दिवशी दुपारी जिन्यात मालकांच्या काठीचा आवाज आला. तो मधल्या मजल्यावर थांबला नाही. खाली गेला. दार वाजलं, बराच वेळ काही ऐकू आलं नाही, आणि मग बाईंचं हसू. आठ वर्षांनी. शिंपीणबाईने पदर डोळ्यांना लावला. कितीतरी महिन्यांनी त्या दिवशी तिला जेवण गोड लागलं.

नर्स परतली तेव्हा खालून दोघांचे आवाज येत होते. ती पायांतल्या चपलांसकट ट्रंकेवर बसली. चेहरा पांढराफटक.

बघ, कसं पोटात दुखतंय हिच्या, असं शिंपीणबाई मशीनला म्हणाली.

संध्याकाळी दारावर टकटक झाली. मालक आणि मालकीणबाई, दोघं एकत्र. बाईंचा हात त्यांच्या कोपरात.

"तू सांग," मालक म्हणाले.

"नाही, तुम्हीच सांगा. तुम्हाला नीट जमतं." बाई चक्क लाजल्या.

मालकांनी घसा साफ केला. घर दोघांच्या नावावर, ते म्हणाले, आणि विकायचं दोघांच्याही मनात पहिल्यापासून होतं. पण सह्या करायला एका टेबलाशी बसायचं कोणी? आज सकाळी बसलो. आता मुलीच्या शेजारी जाऊन राहू. नवीन मालक पाडून बांधणार आहेत, तेव्हा एक तारखेपर्यंत खोली मोकळी हवी. "हे सगळं तुमच्यामुळे झालं, शिंपीणबाई. तुमचे उपकार विसरणार नाही."

दोघं एकमेकांना सांभाळत जिना उतरून गेले.

शिंपीणबाई उघड्या दाराकडे बघत राहिली. मग तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने नर्सकडे मान वळवली.

"तुला हे ठाऊक होतं?"

"मावशी," नर्स म्हणाली, "तीन वर्षं मी ते भांडण उगाच जागतं ठेवलं होतं का?"