वीणेचा पहारा

"गळ्यात अडकव. आणि काय वाट्टेल ते होवो, खाली टेकवायची नाही," म्हातारा म्हणाला. शौनकच्या गळ्यात वीणा घालून तो मांडवाबाहेर चालू पडला.

शौनक खोली बघायला आला होता. उद्या सकाळी दहाला बेलापूरला त्याचं ट्रेनिंग सुरू होणार होतं, दोन महिन्यांचं. बेलापूरची भाडी ऐकून तो कामोठ्याला आला होता. सकाळपासून नऊ सोसायट्या झाल्या होत्या. सगळीकडे एकच प्रश्न, "फॅमिली?" नाही म्हटलं की दार बंद. ही दहावी सोसायटी. हीसुद्धा गेली तर आजची रात्र एसटी स्टँडवर.

इथे गेटवरच सेक्रेटरी दिनानाथ भेटले होते. "बॅचलर अलाउड नाय. बी विंगमध्ये एक खोली आहे, पण तीपण फॅमिलीलाच. टाइमपास करू नको. मालक मांडवात असतील, विचारायचं तर विचार. सप्ताह चालू आहे आमचा."

मांडवात दुपारची सामसूम होती. कीर्तन संध्याकाळी. पण हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाने उतरवली की दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती असते त्याने पहारा संपेपर्यंत हलायचं नाही. त्या वेळी ती एका म्हाताऱ्याच्या गळ्यात होती. डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडाने नाम, अंगात डोल. असा माणूस मालकच असणार, असं शौनकने ठरवून टाकलं.

"काका, ती दोन महिन्यांची खोली..."

म्हाताऱ्याचं डोलणं थांबलं. "एकटाच आहेस?"

"हो. पण स्वच्छ राहतो."

"गाव?"

"संगमनेर."

"आईचं नाव?"

"स्मिता."

"आजोबा आहेत?"

"नाही. मी शाळेत होतो तेव्हाच गेले."

"अरेरे," म्हातारा म्हणाला, पण त्याला फार वाईट वाटल्यासारखं काही दिसलं नाही. "जेवणात काय खात नाहीस?"

"कारलं."

"लहानपणी कुठे पडला-झडला होतास का?"

"सायकलवरून. हनुवटीला तीन टाके."

म्हाताऱ्याने काळा चष्मा कपाळावर चढवला आणि हनुवटी अगदी जवळून पाहिली. "हं. चालेल."

बाकीचे आधार कार्ड मागतात, हे टाके बघतात. माणूस कडक आहे, शौनकला वाटलं, पण मायेचा आहे. चावी आणायलाच गेला असणार.

आता तो उभा होता. वीणा वाजवायची कशी ते ठाऊक नव्हतं, म्हणून एकच तार छेडत होता. तोंडाने रामकृष्णहरी. नाकाचा शेंडा खाजत होता. खिशात मोबाइल थरथरत होता. आई असणार, खोली मिळाली का विचारायला. एक शाळकरी पोरगी येऊन पाया पडली. मग वॉचमन पडला. मग एक आजीबाई पडल्या आणि, "लग्न जमू दे रे देवा नातीचं," म्हणाल्या. जन्मात कोणी त्याच्या पाया पडलं नव्हतं. त्याने नात कशी आहे हेसुद्धा न विचारता मान डोलावली.

तेवढ्यात दिनानाथ आले. डोळे मिटून, हात जोडून त्यांनी कपाळ शौनकच्या पायांवर टेकवलं. उठताना नजर वर गेली.

"तू?"

"रामकृष्णहरी," शौनक म्हणाला. दुसरं सुचलंच नाही.

वीणेकऱ्याला गेटबाहेर काढायचं कलम सोसायटीच्या नियमात नव्हतं. "चालू द्या, चालू द्या," म्हणत ते उलट्या पावलांनी मागे सरकले.

तासाभराने म्हातारा परत आला. सोबत एक बाई होत्या, हातात चाव्यांचा जुडगा. त्यांनी आधी वीणेला नमस्कार केला, मग शौनककडे पाहिलं.

"मी गिरजाबाई. खोली माझी आहे."

शौनकच्या हातातली तार बेसूर वाजली. खोली यांची? मग म्हातारा कोण?

"सिताराम आजोबांना मी सकाळीच नाही म्हटलं होतं," गिरजाबाई म्हणाल्या. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दोन महिने तपासणीला इथेच राहायचंय. पण एकटा म्हातारा माणूस, काही झालं तर कोण बघणार? आम्ही फॅमिलीलाच देतो. तर हे बिचारे न रागावता वीणेला जाऊन उभे राहिले. आणि आत्ता येऊन सांगतात, नातू आलाय सोबत म्हणून! संगमनेरची लेक स्मिता, तिचा मुलगा. कारलं खात नाही म्हणे. सायकलवरून पडला तेव्हा यांनीच उचलून दवाखान्यात नेलं होतं."

शौनकचा हात आपोआप हनुवटीवर गेला. सिताराम आजोबा मांडवाच्या छताची झालर बघत होते.

"मला पटलंय," गिरजाबाई म्हणाल्या, "पण हल्ली कोणाचा भरवसा नाही. तुझ्या गळ्यात वीणा आहे, बाळा. तू काही खोटं बोलायचा नाहीस. हे तुझे आजोबा ना?"

हो म्हणावं तर गळ्यात वीणा. नाही म्हणावं तर एसटी स्टँड.

"थांबा हो बाई," सिताराम आजोबा पुढे झाले. "पोरगं तासभर उभं आहे. आधी त्याला मोकळं करू द्या."

त्यांनी वीणा उतरवून आपल्या गळ्यात घातली. मग रीतीप्रमाणे दोघे एकमेकांच्या पायांशी वाकले. खाली डोक्याला डोकं लागलं, आणि आजोबा त्याच्या कानात कुजबुजले,

"वीणा गळ्यात असली की मला खोटं बोलवत नाही रे. म्हणून तर मघाशी तुझ्या गळ्यात घालून गेलो. आता तू मोकळा आहेस. बोल पटकन."