तिसरी बाळी

"उदबत्ती संपली की भेट संपली," खोजा वेईने सांगितलं आणि उदबत्ती पेटवली.

सुवान राणी गादीवर ताठ बसली होती. गरोदर राणीला आठवा महिना लागला की आईची एक भेट मिळते, असा चीनच्या मांचू बादशहाच्या राजवाड्याचा नियम. त्या आठव्या महिन्यासाठी तिने नऊ वर्षं काढली होती. गेल्या थंडीत शेजारच्या महालातली राणी बाळंतपणात गेली. तेव्हापासून सुवानला एकच ध्यास लागला होता, एकदा आईचा हात हातात धरायचा.

हेशरी बाईसाहेब आत आल्या आणि त्यांनी गुडघे टेकले. नऊ वर्षांपूर्वी बादशहासाठी मांचू घराण्यांतल्या मुली निवडल्या, तेव्हा त्यांची मुलगी म्हणूनच सुवानची निवड झाली होती. आता राणीपुढे त्यांनाही वाकावं लागत होतं. वेईने त्यांना खुर्ची दिली. मागून आलेली लिऊ दाई उंबऱ्याशीच गुडघ्यांवर राहिली. ही बाईसाहेबांच्या घरची जुनी मोलकरीण, मांचू नव्हे, चिनी. तिच्या हातात मधाच्या वड्यांचा डबा होता.

"बाहेरचं खाणं राणीसरकारांना चालत नाही. मला चालतं," म्हणत वेईने एक वडी तोंडात टाकली. "मध फार झालाय."

"आमच्याकडे तसाच लागतो," सुवान म्हणाली. मग बाईसाहेबांकडे वळली. "घरी कसं आहे, आईसाहेब?"

"तुमच्या कृपेने सगळं ठीक."

"मागच्या अंगणातली खोली गळायची."

"कौलं बदलली."

"तिथला झोपायचा ओटा थंडीत खालच्या जाळाने तापतो का नीट?"

"तापतो. मी स्वतः बघते."

"आणि मी इकडे आले त्या वर्षी तुमच्याकडे राहायला आली ती भाची?"

"तिला मुलगा झाला. चार वर्षांचा आहे. घोड्यावरून उतरत नाही."

"म्हणजे सुखात आहे. असायलाच हवी."

बाईसाहेबांनी मान खाली घातली.

"नऊ वर्षांनी आई भेटली आणि गप्पा काय, तर कौलांच्या!" वेई हसला.

उदबत्ती निम्म्याखाली आली होती. सुवानने कानाला हात लावला. मांचू बाईच्या एकेका कानात तीन बाळ्या असतात, तशा तिच्याही होत्या.

"तिसरी बाळी पुन्हा ठणकतेय. माझे कान दाईनेच टोचलेत. तिला बघू दे."

वेई वाकून पाहू लागला. "वरची दोन भोकं वाकडी आहेत की! मोठ्या घरात तान्हेपणीच तिन्ही टोचतात. हे उशिराचं काम दिसतंय."

"लहानपणी फार आजारी असायची," बाईसाहेब घाईने म्हणाल्या. "तेव्हा एकच टोचलं. वरची दोन निवडीच्या आधी टोचली."

"बरं, बघ गं म्हातारे. पण लवकर. उदबत्ती तुझ्यासाठी थांबायची नाही."

दाई अवघडलेल्या पायांनी उठली, पुढे आली, सुवानवर वाकली. तिच्या स्वतःच्या कानांना एकेकच भोक होतं, चिनी बायकांना असतं तसं. तिने बाळी हळूच फिरवली. दुखल्यासारखं करून सुवानने तिचं मनगट घट्ट धरलं.

त्याच वेळी बाईसाहेबांना खोकल्याची मोठी उबळ आली. वेई पाणी आणायला वळला.

"आई," सुवान दाईच्या कानाशी म्हणाली, "किती गार पडलेत गं तुझे हात."