हिरवी चौकट

"पुसू?" मॅडमनी विचारलं, आणि विचारता विचारताच बोट बटणावर नेऊन ठेवलं.

अकराला वीस मिनिटं कमी होती. ठीक अकराला रुग्णालयाची नवी संगणक यंत्रणा सुरू व्हायची होती. बाहेरच्या खोलीत केकचं खोकं येऊन पडलं होतं, त्याची दोरी कुणीतरी आधीच सोडून ठेवली होती, आणि अख्ख्या ऑफिसात खुर्चीला टेकलेला माणूस दिसत नव्हता. आता एकच काम उरलं होतं. सराव करताना सगळ्यांनी मिळून शेकडो खोटे रुग्ण भरले होते. त्यांत एकशे चाळीस वर्षांचे एक आजोबा होते आणि सात वेळा बाळंत झालेला एक पुरुष. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाई हात बसवायला यायच्या आत ही वरात पुसून टाकायची होती.

यंत्रणा दोन, जुळ्या बहिणींसारख्या. एक सरावाची, एक खरी. खरीत कालच बारा हजार रुग्णांच्या नोंदी भरून झाल्या होत्या. दोघींत गल्लत होऊ नये म्हणून मॅडमनी नामी युक्ती काढली होती. सरावाच्या स्क्रीनला हिरवी चौकट, खरीला लाल. लाल दिसली की हात मागे. सहा महिन्यांत एक चूक नाही, आणि हे मॅडम दिवसातून एकदा तरी कुणाला ऐकवल्याशिवाय राहत नसत.

या युक्तीचं कौतुक न केलेला माणूस एकच, काका. ऑफिसातले सगळ्यांत जुने. पाठीमागे त्यांना सगळे 'वाचनालय' म्हणत. कारण कुठलंही बटण दाबण्याआधी ते स्क्रीनच्या कोपऱ्यातलं यंत्रणेचं नाव बोट ठेवून, मोठ्याने वाचत. ते नावही त्यांनीच मागून घेतलेलं. रंग असताना नाव कशाला, असं मॅडम म्हणाल्या होत्या, पण वयाचा मान म्हणून बारीक अक्षरांत टाकू दिलं होतं. माणूस तसा विसराळू. आजही एका पायात हिरवा मोजा होता, दुसऱ्यात तांबडा, आणि काकूंनी एकेक वाटून घेतला का, म्हणून सकाळपासून चेष्टा चालली होती.

पुसताना शेजारी दुसरा माणूस हवाच, हा नियम मॅडमचा. म्हणून काका स्टूल ओढून बसले होते.

"थांबा. आधी नाव वाचा."

"काका, चौकट बघा ना. हिरवीगार आहे."

"असेल. नाव वाचा."

मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं, उसासा टाकला आणि शाळेत धडा म्हणतात तशा सुरात वाचायला घेतलं. पहिल्याच शब्दाला सूर तुटला. कोपऱ्यात 'सराव' नव्हतं. 'प्रत्यक्ष' होतं.

बटणाखाली तान्हं बाळ झोपलं असावं इतक्या अलगद त्यांनी बोट उचललं.

मग सगळं लख्ख आठवलं. दोन्ही यंत्रणा तंतोतंत सारख्या चालाव्यात म्हणून आज सकाळी त्यांनी स्वतःच सरावाच्या सगळ्या सेटिंग्ज उचलून खरीत टाकल्या होत्या. एकही ओळ सोडली नव्हती, चौकटीच्या रंगाचीसुद्धा नाही. नाव तेवढं ज्या त्या यंत्रणेचं स्वतःचं, म्हणून ते तेवढं बदललं नव्हतं. आणि खरीची तीच खिडकी अजून समोर उघडी होती. बारा हजार माणसं एका टिचकीत गेली असती. परत भरायला आठवडा लागला असता, आणि यंत्रणा सुरू व्हायला उरली होती पंधरा मिनिटं.

मॅडम उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. एकदम हसूच फुटलं त्यांना. सरावाची यंत्रणा शोधून, नाव दोनदा मोठ्याने वाचून त्यांनी एकशे चाळीस वर्षांच्या आजोबांना निरोप दिला. मग काकांचा हात धरला.

"अहो, पण समोर धडधडीत हिरवं असताना तुम्हाला संशय आला कसा? आम्ही कुणीही पुसून मोकळे झालो असतो."

काकांनी आपल्या मोज्यांकडे पाहिलं.

"संशय कसला, मॅडम," ते हळूच म्हणाले, "मला त्या दोन चौकटी सहा महिने एकाच रंगाच्या दिसतायत."