आडवं घड्याळ

त्र्याऐंशी साली भाट्याच्या येसूबाईंनी दिवंगत यजमानांचं चावीचं मनगटी घड्याळ रत्नागिरीच्या महिपत घड्याळजीकडून साफ करून आणलं आणि त्यांच्या तसबिरीखाली टांगलं. ते रोज चार मिनिटं मागे पडू लागलं. “मेल्या, आतलं मशीन बदललंस!” भर बाजारात त्या कडाडल्या. महिपतने एवढंच विचारलं, “काका रात्री कसं ठेवायचे?” “उशाशी, आडवं.” “मग तसंच ठेवा, काकी. टांगलं की मागे पडतं.” आडवं ठेवलेलं घड्याळ आठ दिवस रेडिओशी तंतोतंत जुळलं. नवव्या दिवशी येसूबाई दुकानात गेल्या, तर एरवी भरलेल्या बाकावर एकही गिऱ्हाईक नव्हतं. “चुकलं रे माझं,” त्या पुटपुटल्या. “काकी, शिव्या मासळीबाजारापर्यंत ऐकू गेल्या. हे मलासुद्धा ऐकू येईना.” येसूबाई पदर खोचून रस्त्यात उभ्या राहिल्या. “इकडे या रे सगळे! महिपतला उगाच चोर ठरवलं मी!”