चौकातली माता

"खांदा उघडा होता की नव्हता? एवढंच सांगा."

नवऱ्याच्या वकिलाने तिसऱ्यांदा विचारलं.

"होता," मांडीवरच्या पोराला सावरत ती म्हणाली.

कोर्टातल्या बाकांवर कुजबुज उठली. पोर कोणाकडे राहणार, याचा आज निकाल होता. नवरा खाली मान घालून बसला होता, जणू मार त्यानेच खाल्ला होता. दोन वर्षांपूर्वी त्याने तिची बोटं दारात चिरडली, तेव्हा ती तान्ह्या पोराला घेऊन घराबाहेर पडली. कडेवर पोर बघून कुठल्याच कारखान्यात तिला दारात उभं करेनात. शेवटी एका म्हाताऱ्या शिल्पकाराने काम दिलं. सहा महिने ती पोराला पाजत बसून राहिली आणि तो माती थापत राहिला. कधी वाकड्या नजरेने बघितलं नाही त्याने. पण ते कोणी विचारलंच नाही.

"परक्या पुरुषापुढे अशी बसणारी बाई पोराला काय वळण लावणार?" वकील म्हणाला. "आई कशी असते ते हिने जरा खिडकीबाहेर बघावं!"

खिडकीबाहेर चौक होता. चौकात संगमरवरी 'माता' बसली होती. खांद्यावरून पदर ढळलेला, मांडीवर पोर. न्यायाधीशसाहेबांनी मागच्याच महिन्यात तिचं अनावरण केलं होतं आणि भाषणात आईची थोरवी गायली होती. तेव्हापासून येणारे-जाणारे पुरुष तिच्यापुढे मान लववत. बायका लेकींना सांगत, बाई असावी तर अशी.

वकिलाचं बोलणं ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"रोज बघते," ती म्हणाली. "ती मीच आहे. मांडीवरचं पोरही हेच. याच खांद्यापुढे तुम्ही सगळे मान लववता. दगडाची असले की माता, आणि हाडामांसाची असले की चवचाल होय?"

न्यायाधीश उठून खिडकीशी गेले. चष्मा पुसून त्यांनी पुतळ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, पुन्हा पुतळ्याकडे. तेच नाक, तीच हनुवटी. तिने पोराला छातीशी धरलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला वाटलं, आता सुटलो आपण.

न्यायाधीश खुर्चीत परतले.

"मूल बापाकडे राहील," ते म्हणाले. मग कारकुनाकडे वळले. "आणि पालिकेला आजच्या आज पत्र लिहा. पुतळ्याचा चेहरा बदलायला हवा."